एका उंदरासाठी शोक

उंदीर नाहीसा झाला म्हणून कोणी शोक करील काय? आमच्या धर्मगुरुनिवासाच्या कोठीतही सापळा मांडलेला असतो. तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा आम्हांस कितपत अधिकार, हे वाचकांनीच ठरवावे.

ऑस्ट्रेलिया व पापुआ न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल नावाचे वाळूचे बेट आहे. जेमतेम चार-पाच हेक्टरांचे, उंची फार तर तीन मीटर. मेलोमिस नावाचा तपकिरी उंदीर जगाच्या पाठीवर केवळ तेथेच नांदत होता. बेटावरची हिरवळ हेच त्याचे अन्न आणि तोच त्याचा आसरा. समुद्राची पातळी चढली, उधाणाचे खारे पाणी वारंवार बेटावर आले आणि २००४ ते २०१४ या दहा वर्षांत त्या हिरवळीचा सुमारे ९७ टक्के भाग गेला. २००९ नंतर तो उंदीर कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. २०१४ साली संशोधकांनी सापळे व कॅमेरे लावून बेट धुंडाळले. हाती काही आले नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचे मान्य केले. मानवनिर्मित हवामानबदलाने संपलेला हा पहिला सस्तन प्राणी मानला जातो.

येथे मारेकरी कोण? कोणी विष घातले नाही, बंदूक झाडली नाही. पापास जाणीव व संमती लागते, असे आम्ही सेमिनरीत शिकलो. त्या कसोटीवर कोळसा जाळणारे आणि मोटारीने फिरणारे आपण सारेच निर्दोष सुटतो. पण २००८ साली या उंदराच्या रक्षणाचा आराखडा लिहून झाला होता! समुद्र चढल्याने त्या मुदतीत मोठी हानी संभवत नाही, असे त्यात धरले होते. पुढच्याच वर्षी तो शेवटचा दिसला. तेव्हा ती चूक होती. आज सारे ठाऊक असताना तिला चूक म्हणता येईल का? पापनिवेदनास जाताना आपण केलेल्या गोष्टी आठवतो; करावयाच्या राहिलेल्या क्वचितच.

त्याचा उपयोग तरी काय होता, असे कोणी विचारील. नोहाने तारवात घेताना हा प्रश्न कोणत्याच प्राण्यास विचारला नव्हता. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव जलचरांना व पक्ष्यांना आशीर्वाद देतो, तेव्हा मनुष्य अद्याप घडलेलाही नाही. म्हणजे त्यांचे चांगलेपण आपल्या गरजेवर अवलंबून नव्हते.

२०१४ च्या उत्तरार्धात त्या बेटावर थोडी हिरवळ पुन्हा उगवली होती. ती खाणारा मात्र तेथे नव्हता.