भावाच्या घराला दार असतं का?

बैरुत ते दमास्कस हा गाडीने दोन-तीन तासांचा रस्ता. भाषा एक, जेवण जवळपास एक, सोयरिकी दोन्हीकडे. लेबनॉन १९४३ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९४६ मध्ये फ्रेंच फौजा दोन्ही देशांतून गेल्या. पण लेबनॉन आणि सीरियाने राजनैतिक संबंध जोडले ते थेट ऑक्टोबर २००८ मध्ये. तोवर दोघांचीही एकमेकांकडे वकिलात नव्हती.

भांडण होतं म्हणून नाही. दमास्कसचं म्हणणं असं, की आपण एकच लोक आहोत, भावाभावांत वकिलात कशाला?

यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. आजच्या लेबनॉनची सीमा १९२० मध्ये फ्रेंचांनी आखली, तेव्हा तिथल्या अनेकांना कुणी विचारलं नव्हतं. पण परक्याने आखलेल्या रेषेआड पुढे माणसं राहिली, त्यांनी मतदान केलं, सरकारं निवडली. रेष चुकीची होती म्हणून आतल्या माणसांचे निर्णय दुसऱ्याने घ्यायचे का?

सीरियाचं सैन्य १९७६ मध्ये लेबनॉनमधलं यादवी युद्ध थांबवायला म्हणून आलं आणि जवळपास २९ वर्षं राहिलं. १९९१ मध्ये दोन्ही देशांत करार झाला, त्याच्या नावातच 'बंधुत्व' हा शब्द होता. २००४ मध्ये दमास्कसच्या दबावाखाली लेबनॉनच्या संसदेने राज्यघटना बदलून राष्ट्राध्यक्ष एमिल लाहूद यांची मुदत तीन वर्षांनी वाढवली. फेब्रुवारी २००५ मध्ये माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांची हत्या झाली, बैरुतचे रस्ते माणसांनी भरले, आणि एप्रिलमध्ये ते सैन्य परत गेलं.

'आपल्यात कसला हिशोब?' हे वाक्य आपल्याही घरात ऐकू येतं. ते बहुतेकदा कोण म्हणतं, ते आठवून पाहा. ज्याच्याकडे देणं बाकी असतं, तो. औपचारिकपणा आपल्याला कोरडा वाटतो, पण दुबळ्या बाजूला आधार असतो तो त्याचाच. बांधावर दगड रोवलेला असला, तर धाकट्या भावाला निदान त्याकडे बोट दाखवता येतं.

अर्थात नुसत्या दगडाने न्याय मिळत नाही. सीरियाच्या तुरुंगांत बेपत्ता झालेल्या लेबनीज माणसांच्या आयांनी २००५ मध्ये बैरुतच्या एका बागेत तंबू ठोकला आणि त्या तिथे वर्षानुवर्षं फोटो घेऊन बसल्या. वकिलाती उघडल्या, तरी त्यांना उत्तर मिळालं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळली, तुरुंग उघडले, तरीही बहुतेकींच्या मुलांचा पत्ता लागला नाही.

मग वकिलातीचा उपयोग काय? एवढाच, की प्रश्न कुणाला विचारायचा ते ठरतं. भाऊ म्हणून विचारलं, की 'घरातली गोष्ट बाहेर कशाला काढता' असं सुनावता येतं. दुसरा देश म्हणून विचारलं, की निदान नाही तरी म्हणावं लागतं, आणि ते कागदावर राहतं. जवळच्या माणसाला वेगळा माणूस म्हणून मान देणं हा दुरावा नव्हे. प्रेमाच्या नावाखाली आपण बहुतेकदा नेमकं तेच टाळतो.