दीर्घायुष्याची साधना आणि ताओवादाचा आक्षेप

श्वास आणि हालचाल यांच्या साहाय्याने रोग बरा करण्याच्या प्राचीन चिनी पद्धतीला ‘दाओयिन’ म्हणतात. अंग ताणून, वळवून आणि श्वास लांबवून शरीरात अडलेली ‘छी’ पुन्हा वाहती करणे ही तिच्यामागची कल्पना होय; आणि छी म्हणजे केवळ प्राणवायू नव्हे, तर माणसाप्रमाणेच ढगात आणि दगडातही वावरणारे, सतत विरळ वा घट्ट होत राहणारे विश्वाचे मूलद्रव्य. या पद्धतीचे प्राचीनत्व निव्वळ आख्यायिकांवर अवलंबून नाही. हुनान प्रांतातील मावांगदुई येथे इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेले एक थडगे १९७३ साली उघडले गेले, तेव्हा त्यात मिळालेल्या रेशमी पटावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या रंगवलेल्या आढळल्या. त्यांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत. एक व्यक्ती काठी धरून वाकलेली आहे. आणि आकृत्यांशेजारच्या मथळ्यांत कुठे अस्वलाचा उल्लेख आहे, तर कुठे थेट गुडघेदुखीचा.

या साधनेवरचा सर्वांत मूलगामी आक्षेप तिच्या विरोधकांनी नव्हे, तर ताओवादाच्याच ‘च्वांगत्झ’ या ग्रंथाने घेतला आहे, ही बाब विचार करण्याजोगी आहे. त्याच्या पंधराव्या प्रकरणात, जुना श्वास सोडून नवा घेणारे आणि अस्वलासारखे लोंबकळून, पक्ष्यासारखे अंग ताणून दीर्घायुष्य मिळवू पाहणारे लोक हे जगाला नावे ठेवणारे विरक्त, उपदेशक विद्वान, सत्तेमागे लागलेले मुत्सद्दी आणि पाणवठ्यावर निवांत बसणारे एकांतप्रिय यांच्या रांगेत बसवले आहेत, कारण हे सारे कशाच्या ना कशाच्या आसक्तीने बांधलेले आहेत. ज्ञानी पुरुष मात्र दाओयिन न करताच दीर्घायुषी होतो. तरीही श्वास या ग्रंथाला क्षुल्लक वाटत नाही, कारण त्याच्याच सहाव्या प्रकरणात खरा माणूस टाचांपासून श्वास घेतो असे म्हटले आहे. तेव्हा रोख क्रियेवर नसून क्रियेमागच्या हव्यासावर आहे: ताओ, म्हणजे विश्वाचा आपोआप चालणारा क्रम, त्याच्याशी एकरूप व्हायचे असेल तर आयुष्याची वर्षे मोजत बसणे हाच अडथळा ठरतो.

हा आक्षेप योग्यच आहे, परंतु तो रुग्णाला लागू पडत नाही. ज्याचा गुडघा दुखतो तो अमरत्व मागत नाही, त्याला चालता यायला हवे असते. आणि वैद्यकाने हीच मर्यादा ओळखून दाओयिनला आपले मानले. वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी यांच्या हालचालींवरून ‘पंचप्राणी क्रीडा’ रचणारा वैद्य ह्वा थुओ दुसऱ्या शतकातला. पुढे इसवी सन ६१० मध्ये सुई राजवटीतील वैद्य छाओ युआनफांग याने रोगांची कारणे व लक्षणे सांगणारा ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यात औषधांच्या पाठांऐवजी अनेक रोगांखाली दाओयिनचे व्यायाम दिले. विशिष्ट व्याधीला विशिष्ट हालचाल, एवढाच त्यामागचा दावा होता.

विसाव्या शतकात ही मर्यादा दोन्ही बाजूंनी ओलांडली गेली. आपल्या जठरव्रणावर अशा साधनेचा उपयोग झाल्याचे सांगणाऱ्या ल्यू ग्वेईझेन या साम्यवादी कार्यकर्त्याने १९५० च्या दशकात ती ‘छीगोंग’ या नावाने रुग्णालयीन उपचारात आणली, तेव्हा तिच्यातील धार्मिक आशय बाजूला सारला गेला, अगदी जपाचे शब्दही बदलले गेले. आणि १९८० च्या दशकात छीगोंगची लाट उसळली, तेव्हा काही गुरू दूर बसून छी पाठवल्याचा आणि असाध्य रोग बरे केल्याचा दावा करू लागले. पहिल्याने तत्त्वज्ञान हरवले, दुसऱ्याने प्रामाणिकपणा. आणि यांतील दुसरी हानी अधिक गंभीर आहे, कारण तिची किंमत रुग्ण मोजतो. सांधे मोकळे व्हावेत किंवा झोप लागावी म्हणून हे व्यायाम करणाऱ्याला ताओवर श्रद्धा ठेवण्याची गरज नाही, आणि ताओच्या शोधातील साधकाला आपले आरोग्य हे सिद्धीचे प्रमाणपत्र मानण्याचे कारण नाही. श्वासाच्या नावावर औषध सोडायला सांगणारा गुरू मात्र वैद्यही नव्हे आणि ताओवादीही नव्हे.