मंगळावरची संध्याकाळ

थंडीतल्या एखाद्या रात्री पन्हाळ्यावर जा. कोल्हापूरच्या दिव्यांकडे पाठ करा आणि उत्तरेकडे तोंड करून बसा. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात. लागू द्या. मग हात ताणून क्षितिजावर मूठ धरा. एक मूठ म्हणजे सुमारे 10 अंश. पावणेदोन मुठींवर ध्रुव दिसेल. इथला अक्षांश जवळपास 17, म्हणून ध्रुवाची उंचीही तेवढीच.

खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर याच कोल्हापुरात 19 जुलै 1938 रोजी जन्मले. कथेत कल्पना कितीही धावो, तिच्यातलं विज्ञान पक्कं हवं, असं ते मानत. तीच शिस्त धरून डोळे मिटा आणि मंगळावर उतरा, तिथल्याही 17 उत्तर अक्षांशावर.

सूर्य मावळतोय. त्याच्याभोवतीचं आकाश निळसर आहे. तिथली बारीक धूळ निळा प्रकाश पुढच्या दिशेने जास्त सोडते. घाई नको, अंधारू द्या. हवा इतकी विरळ की तारे जवळजवळ लुकलुकत नाहीत. मृग शोधा. तोच बाण, तोच व्याध, त्याच कृत्तिका. व्याधाचा प्रकाश आपल्याकडे यायला साडेआठ वर्षांहून अधिक लागतात. पृथ्वीहून मंगळावर तो फार तर 22 मिनिटांत पोचतो. एवढ्याशा सरकण्याने नक्षत्रं मोडत नाहीत. या ओळखीपाशी थोडं थांबा.

आता उत्तरेला पुन्हा मूठ धरा. स्थिर बिंदू पावणेदोन मुठींवरच आहे, पण तिथे ध्रुव नाही. या आकाशात ध्रुव उगवतो आणि मावळतोही. अढळपदाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मनाला हे जड जातं, जाऊ द्या. मंगळाचा आस वेगळ्या दिशेला रोखलेला आहे, हंसातल्या डेनेबपासून साधारण एका मुठीवर. तिथे ठळक तारा नाही. सगळं आकाश त्या रिकाम्या जागेभोवती फिरतं. बघत राहा.

फोबोस हा चंद्र मंगळाच्या दिवसापेक्षा कितीतरी लवकर, पावणेआठ तासांच्या आत प्रदक्षिणा पुरी करतो. म्हणून तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो.

शेवटी मावळतीकडे वळा. 31 जानेवारी 2014 रोजी क्युरिऑसिटी रोव्हरने सूर्यास्तानंतर सुमारे 80 मिनिटांनी तिथे पृथ्वी टिपली. पृथ्वीशेजारी आपला चंद्रही नुसत्या डोळ्यांनी दिसेल, वेगळा, बारीक. दोघांमधलं आजचं अंतर लक्षात ठेवा आणि रोज संध्याकाळी इथेच येऊन बसा. एका टोकाहून पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला जायला त्याला साधारण चौदा दिवस लागतील.