गाठ आणि गाठी

आमच्याकडे कॅन्सरचं नाव घेत नाहीत, ‘गाठ आली’ म्हणतात. तळोज्याला लागूनच खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन आणि उपचारांचं केंद्र आहे. रिपोर्टची पिशवी छातीशी धरून तिथे जाणारी माणसं नेहमी दिसतात. त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: गाठ पसरली तर नाही ना?

‘गाठ’ म्हणजे बांधणंही, हे मला फार उशिरा जाणवलं. त्वचेतल्या, गालाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी शेजारणींशी असंख्य सूक्ष्म गाठींनी बांधलेल्या असतात. या गाठींना डेस्मोसोम म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बंधच. बाहेरून कॅडहेरिन कुळातली प्रथिनं एकमेकींना धरतात आणि आतून त्यांना पेशीच्या केराटिन धाग्यांशी जोडणाऱ्यांत प्लाकोफिलिन-३ असतं. शर्टाचं बटण दिसतं बाहेर, पण टिकतं मागच्या टाक्यावर. तसा हा टाका. त्याचं जनुक, पीकेपी३, अकराव्या गुणसूत्रावर आहे.

हा टाका उसवला तर? सोराब दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्ट्रेकमध्ये हेच पाहिलं; निष्कर्ष २००८मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्याच्या कॅन्सरच्या, त्वचेच्या आणि गर्भाच्या गालाच्या अस्तराच्या पेशींत त्यांनी प्लाकोफिलिन-३ कमी केलं. मग झाकणाला लटकणाऱ्या थेंबात पेशी ठेवून त्या एकमेकींना किती धरतात ते तपासलं. पकड सैल झाली होती, हालचाल वाढली होती. आतड्याच्या कॅन्सरच्या अशा पेशींच्या गाठी उंदरांत लवकर वाढल्या आणि पसरल्याही. अशा प्रयोगांसाठी बशीत पेशी जगवाव्या लागतात; ही विद्या आपल्याकडे रुजवली ती पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी. १९६०च्या दशकात मुंबईत त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ती ज्या संस्थेत उभी राहिली, तिचाच वारसा पुढे खारघरला आला.

कॅन्सर म्हणजे बेसुमार वाढ, असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. पण एका जागी राहिलेली गाठ सर्जन बहुतेक वेळा काढू शकतो. बहुतेक मृत्यू होतात ते पसरण्यामुळे. मिश्री-तंबाखूने तोंडाचे कॅन्सर घरोघरी पोचवलेल्या आपल्या भागात हे कळणं फार जवळचं आहे, कारण तोंडाच्या आक्रमक गाठींतही प्लाकोफिलिन-३ घटलेलं आढळतं.

म्हणून ‘बांधलेलं ते चांगलं, सुटलेलं ते वाईट’ म्हणावं का? मला ते पटत नाही. बोट कापलं की जखमेच्या कडेच्या पेशी आपली पकड सैल करतात, सरकतात, उघडी जागा झाकतात आणि पुन्हा शेजारणींना धरतात. गर्भातही कितीतरी पेशी सुटून दूर गेल्याशिवाय चेहरा घडत नाही. उलट कॅन्सरच्या पेशीही नव्या जागी रुजताना पुष्कळदा पुन्हा एकमेकींना धरतात. नुसती पकड घट्ट करणारं औषध शोधलं की झालं, इतकं हे सोपं नाही. शरीराला बांधणं येतं तसं सोडणंही येतं. कधी, कुठे आणि किती वेळ, हे ठरवणारा हात कॅन्सरमध्ये निसटलेला असतो.

परवा दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या बाई फोनवर लेकीला सांगत होत्या, “मोठी आहे गं, पण जागेवर आहे.” तिसऱ्यांदा सांगताना त्या रडू लागल्या.