उशाशी लोंबणारे बटण

कृष्णपुऱ्यातील जुन्या घरांतून लाकडी पट्टीवरून आलेली विजेची तार पलंगाच्या उशाशी लोंबत सोडलेली असे. तिच्या टोकाला नासपतीच्या आकाराचे बेकेलाइटचे बटण. त्यास सारे 'बेड स्विच' म्हणत. अंधारात हात लांबविला की ते सापडे.

आमच्या मातोश्रींचे पाय अखेरच्या काळात गेले. बुद्धी व स्मरण मात्र शाबूत होते. त्यांच्या उशाचे बटण एकदा फरशीवर आपटून तडकले. असे बटण फेजच्या तारेवर असावे लागते, म्हणजे २३० व्होल्टचा दाब थेट मुठीपर्यंत उतरतो आणि मध्ये आड असते ते केवळ ते ठिसूळ कवच. (न्यूट्रलवर घातले तर दिवा विझूनही होल्डरमध्ये वीज राहते.) आम्ही ती तारच काढविली, दाराजवळ नवे बटण बसविले आणि म्हटले, "आई, दिवा हवा तर हाक मार."

दोन-तीन रात्री त्यांनी हाक मारली, मग मारली नाही. एकदा पहाटे पाहतो तो त्या अंधारात उशीला टेकून बसलेल्या. "तुला कशाला उठवायचं रे?" एवढेच म्हणाल्या. झिरोचा बल्ब लावून दिला, तर रात्रभर डोळ्यांवर उजेड येतो म्हणून तोही नको झाला. दिवा केव्हा असावा आणि केव्हा नसावा, हे त्यांना स्वतः ठरवावयाचे होते.

जॉन स्टुअर्ट मिलने 'ऑन लिबर्टी' (१८५९) या ग्रंथात धोक्याच्या पुलाचा दाखला दिला आहे. पूल कच्चा आहे हे वाटसरूस ठाऊक नसेल आणि सांगण्यास वेळही नसेल, तर त्यास खुशाल धरून ठेवावे. परंतु अपघात निश्चित नसून नुसता संभवत असेल, तर जाणत्या माणसास धोका सांगावा, वाट अडवू नये. लहान मूल किंवा भ्रमिष्ट यांची गोष्ट निराळी. महाविद्यालयात हे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आमचा खान नदीवरचा पूल येई. घरातला पूल मात्र आम्हास दिसला नाही. मातोश्रींना आम्ही धोका सांगितला नाही. विचारले तर मुळीच नाही. आमची भीती खोटी नव्हती. पण तिच्यात त्यांच्या जिवाची काळजी किती आणि काही घडल्यास लोक काय म्हणतील याची किती, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

पुढे नवी तार ओढवून उशाशी नवे बटण लोंबविले. मातोश्रींनी ते हाती घेतले, पण खटका कडक होता. त्यांच्या अंगठ्याने तो दबेना. जुने बटण वर्षानुवर्षांच्या वापराने सैल झालेले होते.