उघडे पत्र

वाचनभाग : नहेम्या ६:१-१६

आमच्या सचिनच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगविण्याच्या गिरण्या पुष्कळ आहेत, आणि खानदेशातून उधन्याच्या गाडीने पोटासाठी आलेली आपली मराठी माणसेही तेथे पुष्कळ आहेत. अशाच एका गिरणीत माल रवाना करण्याच्या खात्यात आम्ही लिहिण्याचे काम करीत होतो. एके दिवशी दोन ताके कमी भरले. दुपारी चहाच्या टपरीवर कोणी म्हणाले, "ताके काही पायांनी चालत जात नाहीत." पाळी सुटेपर्यंत ते वाक्य आमच्या नावापर्यंत येऊन पोहोचले. तोंडावर कोणी काही बोलले नाही. मात्र रोज आमच्या शेजारी डबा उघडणारे दोघे दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. "आणि हे रविवारी उपदेश करतात!" हे वाक्यही कानी आले. ते अधिक झोंबले, कारण आमच्याबरोबर प्रभूचे नावही त्या टपरीवर निघाले होते.

त्या रात्री झोप आली नाही. मनात उत्तरे तयार होत होती, पण त्यांतले एकही प्रभूपुढे म्हणून दाखविण्याजोगे नव्हते. शेवटी आम्ही नहेम्याचे पुस्तक उघडले.

नहेम्या यरुशलेमेचा कोट बांधीत होता. सन्बल्लटाने त्याला चार वेळा भेटीस बोलाविले. तो गेला नाही. पाचव्या वेळी चाकराच्या हाती पत्र आले, आणि ते उघडे होते. त्यात आरोप असा की, तू बंड करून राजा होऊ पाहतोस. लोकांत तशी बोलवा आहे आणि गेशेमही तेच म्हणतो. पत्र उघडे का? आम्हांस वाटते, ते एकट्या नहेम्यासाठी नव्हतेच. वाटेत ज्याला त्याला वाचता यावे म्हणून ते उघडे होते. अफवेची रीत आजही हीच आहे. ती आपल्याविषयी असते, पण आपल्याला सोडून सर्वांना सांगितली जाते.

नहेम्याने काय केले? एक, असे काहीही घडलेले नाही, हे तू मनाने रचले आहेस, असे त्याने थोडक्या शब्दांत सांगितले. दोन, आपले हात बळकट कर, अशी त्याने देवाकडे प्रार्थना केली. तीन, जिवाच्या भीतीने मंदिरात लपून बसण्याचा सल्ला मिळाला तेव्हा तो लपला नाही. चार, त्याने काम सोडले नाही. कोट ५२ दिवसांत पुरा झाला.

काही जण म्हणतील, ख्रिस्ती माणसाने मुकाट्याने सोसावे. होय, आपला प्रभू निंदेला उलट निंदा करीत नसे. परंतु मुख्य याजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा त्याने विचारले की, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर (योहान १८:२३). पौलानेही खोट्या आरोपांविरुद्ध कैसराकडे दाद मागितली. पुरावा मागणे हा सूड नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले व पुढे ते पुण्यास नेले. त्या मुलींना ख्रिस्ती करू पाहतात असा बोभाटा झाला. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले व पालकांनी अनेक मुली परत नेल्या. हे सल्लागार दुष्ट नव्हते; लोकांच्या रोषाचा भार त्यांच्यावरही होता. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि त्यांनी ते लपविले नाही. सदन त्यांनी बंद केले नाही. थोड्याच वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा शेकडो अनाथ मुलींना केडगावी त्यांचाच आसरा मिळाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांकडे जाऊन एवढेच म्हणालो : "ताके आम्ही नेलेले नाहीत. सर्व वह्या तपासा, आमची आधी तपासा." नंतर मत्तय १८:१५ प्रमाणे, पहिले वाक्य बोलणाऱ्या सोबत्याला एकांतात गाठले. तो खाली पाहून म्हणाला, "मी सहज बोललो." मग मान वर करून म्हणाला, "गेल्या दिवाळीत त्या गेटवाल्याविषयी तुम्हीही असेच सहज बोलला होतात."

प्रियजनहो, ते खरे होते. त्याला लॉरीवाल्यांकडून काही मिळत असावे, असे आम्ही चहा पिताना म्हटले होते. आम्ही पाहिले काहीच नव्हते. महिन्याभरात त्याला काढण्यात आले, आणि आमच्या बोलण्याचा त्यात किती वाटा होता हे आम्ही कधी विचारलेही नाही.

६ जानेवारी २०२२ च्या पहाटे आमच्या या वसाहतीत टँकरमधील रसायन नाल्यात सोडले गेले आणि विषारी वायूने सहा कामगारांचे प्राण गेले. ज्यांचा त्या टँकरशी काही संबंध नव्हता, तेच मेले. जिभेत प्राणघातक विष आहे असे याकोब सांगतो, त्याचा अर्थ आम्हांस त्या नाल्याजवळून जाताना कळतो. ओतणारा निघून जातो. श्वास दुसऱ्याचा कोंडतो.

आमचे ताके आठव्या दिवशी सापडले. रंग बिघडला म्हणून ते पुन्हा रंगाईला गेले होते. नोंद दुसऱ्या पाळीच्या वहीत होती. कोणी क्षमा मागितली नाही. आम्ही मात्र त्या गेटवाल्याची क्षमा मागण्यासाठी त्याचा शोध घेतला. तो गावी परतला असे कळले. गाव कोणालाच ठाऊक नाही. साहेबांना आम्ही सांगितले की, त्याच्याविषयी आम्ही जे बोललो त्याला आधार नव्हता. उशीर झाला होता, तरी सांगितले.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनो, मुलांना नववी आज्ञा शिकविताना तीन प्रश्नही शिकवा : हे मी स्वतः पाहिले काय? ज्याच्याविषयी बोलतो त्याला विचारले काय? तो येथे उभा असता तर मी हे बोललो असतो काय? आणि ज्यांच्या नावाचे उघडे पत्र आज गावभर फिरत आहे, त्यांनी नहेम्याची प्रार्थना करावी व उद्या पाळीवर वेळेवर हजर व्हावे.

हे प्रभू, आमच्यावरील खोट्या शब्दांचा न्याय तू कर, आणि आमच्या तोंडच्या खोट्या शब्दांची क्षमा कर. आमेन.