बक्षीस, भरपाई आणि खंडणी

हरवलेली वस्तू सापडली असता ती ज्याची त्यास परत करावी, ह्याविषयी आजवर कोणी वाद घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वाद उत्पन्न होतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर. परत करणाऱ्याने त्याबद्दल काही मागावे काय, मागितल्यास किती मागावे, आणि मागितलेले हाती पडेपर्यंत वस्तू आपल्यापाशी अडकवून ठेवावी काय, हे प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. परंतु स्वामित्व, श्रम, उपकार आणि कृतज्ञता ह्या चारही कल्पनांची त्यांत गाठ पडलेली असल्यामुळे त्यांची उकल दिसते तितकी सोपी नाही. पूर्वी असे प्रसंग सामान्य मनुष्याच्या वाट्यास क्वचितच येत. आगगाडीत छत्री राहिली, तर ती गेली असे समजून मनुष्य दुसरी विकत घेई. कारण छत्री मुकी असते, आणि ती कोणाच्या हाती पडली हे कळण्यास मार्ग नसे. मोबाइल फोनची गोष्ट निराळी आहे. तो हरवल्यावरही वाजतो. ज्याने गमावला आणि ज्याला सापडला, त्या दोघांस तो हरवलेला पदार्थच एकमेकांशी बोलावयास लावतो. आणि बोलणे सुरू झाले की सौद्यालाही जागा उत्पन्न होते.

प्रसंग साधारणतः असा घडतो. पुण्यामुंबईसारख्या शहरात सायंकाळच्या गर्दीत कोणा गृहस्थांच्या खिशातून फोन निसटून रस्त्याच्या कडेला पडतो. घरी आल्यावर ही गोष्ट ध्यानात येते, आणि पत्नीच्या फोनवरून ते आपलाच क्रमांक लावून पाहतात. पुष्कळ वेळ घंटी वाजल्यावर एक अपरिचित आवाज उत्तर देतो, “साहेब, फोन मला सापडलाय. पाच हजार द्या आणि घेऊन जा.” बोलणारा घरोघर सामान पोचविणारा एखादा तरुण असतो. ह्यावर घरात तीन मते पडतात. वृद्ध मातोश्री म्हणतात, “देऊन टाक बाबा, वस्तू तरी घरात येईल.” चिरंजीव म्हणतात, “बाबा, हा सरळ पोलिसांत देण्याचा मामला आहे.” गृहस्थांच्या मनात मात्र तिसराच विचार घोळत असतो : ह्या माणसाने निदान फोन उचलून उत्तर दिले, खोटे सांगितले नाही, हे तरी थोडे आहे काय? तिन्ही मतांत काही ना काही तथ्य आहे, आणि म्हणूनच कोणत्याही एकाचा चटकन स्वीकार करता येत नाही.

प्रथम त्या तरुणाची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. तो वाकला नसता, तर फोन एखाद्या गाडीच्या चाकाखाली चुरडला असता. त्यातील सिम काढून फेकून देणे त्यास अशक्य नव्हते. तसे त्याने केले नाही. फोन परत करण्यासाठी त्यास शहराच्या दुसऱ्या टोकास जावयाचे, तर पेट्रोल जळणार, आणि तेवढ्या वेळात ज्या फेऱ्या झाल्या असत्या त्यांचे पैसे बुडणार. ज्याची मिळकत फेरीवर मोजली जाते, त्याच्या दोन तासांची किंमत शून्य धरण्याचा अधिकार आम्हां मासिक वेतनदारांस कोणी दिला? आपण स्वतः सल्ला दिला तर त्याचे शुल्क घेतो, जादा काम केले तर त्याचा भत्ता मागतो; आणि गरिबाने मात्र निष्काम कर्मयोग आचरावा अशी अपेक्षा बाळगतो. ह्या अपेक्षेत जो एक प्रकारचा सोयीस्कर ढोंगीपणा आहे, तो मान्य केल्याखेरीज पुढील विचारास तोंड फुटणार नाही.

ह्या प्रश्नावर आपल्या देशातील कायद्याने केलेला विचार पुष्कळ वाचकांस माहीत नसतो. भारतीय करार अधिनियम हा 1872 सालचा. त्याच्या 71व्या कलमाने, सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो त्याच्यावर ठेव सांभाळणाराइतकीच जबाबदारी टाकली आहे. म्हणजे उचलण्याची सक्ती कोणावर नाही. पण एकदा उचलल्यावर ती वस्तू दैवाने त्याच्यापाशी ठेवलेली ठेव होय. 168व्या कलमाचा विचार तर फारच सूक्ष्म आहे. वस्तूचे रक्षण करण्यात आणि मालक शोधण्यात जो त्रास व खर्च स्वेच्छेने सोसला, त्याच्या भरपाईसाठी त्यास मालकावर दावा लावता येत नाही. तथापि ती भरपाई मिळेपर्यंत वस्तू आपल्यापाशी ठेवता येते. मालकाने अमुक रकमेचे बक्षीस जाहीर केले असेल, तर मात्र त्यासाठी दावाही लावता येतो. उलटपक्षी, मालक माहीत असता अथवा सहज कळण्यासारखा असता जो अप्रामाणिकपणे वस्तू स्वतःची करून टाकतो, तो अपराधी ठरतो. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 314व्या कलमाने त्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे.

जाहीर बक्षिसाविषयीही न्यायालयांनी किती काटेकोर विचार केला आहे, हे 1913 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त ह्या खटल्यावरून दिसते. मालकाचा पुतण्या घरातून नाहीसा झाला, तेव्हा शोधासाठी पाठविलेल्या नोकराने त्यास शोधून काढले. मधल्या काळात मालकाने 501 रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते, ते नोकरास निघताना ठाऊक नव्हते. पुढे त्याने त्या रकमेवर हक्क सांगितला. परंतु तो शोधास निघाला होता नोकरीचे कर्तव्य म्हणून, बक्षिसाच्या करारापोटी नव्हे, असे ठरून दावा फेटाळला गेला. निकाल कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असेल; पण मुलगा परत मिळाल्यावर मालकाने त्या रकमेसाठी नोकराशी शेवटपर्यंत भांडावे, हे वाचून कोणाचेही मन थोडे खट्टू झाल्यावाचून राहत नाही. हक्क जेथे संपतो तेथे कृतज्ञताही संपली पाहिजे असे थोडेच आहे?

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला आहे. जर्मनीच्या दिवाणी संहितेत परत करणाऱ्यास मोबदल्याचा हक्कच दिला आहे : वस्तूच्या पाचशे युरोपर्यंतच्या किमतीवर शेकडा 5 आणि त्यापुढील किमतीवर शेकडा 3. मात्र विचारणा झाली असता सापडलेली वस्तू जो लपवितो, त्याचा हा हक्क बुडतो. जपानच्या कायद्याप्रमाणे हा मोबदला किमतीच्या शेकडा 5 ते 20 एवढा असू शकतो. आपल्याकडे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बेवारशी धन राजाने तीन वर्षे जपून ठेवावे असे सांगितले आहे. ‘हे माझे’ म्हणून पुढे येणाऱ्याने त्याचे रूप, संख्या इत्यादी खुणा पटविल्या पाहिजेत, आणि रक्षणाबद्दल राजाने सहावा, दहावा अथवा बारावा भाग घ्यावा, अशी तेथील योजना आहे. आज फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक हीच ती खूण होय.

येथे कोणी चतुर वाचक विचारील : राजाने सहावा हिस्सा घ्यावा, जपानी मनुष्याने पाचवा घ्यावा, ह्यात अनीती नाही, मग आमच्या तरुणाने वीस-पंचवीस हजारांच्या फोनावर पाच हजार मागितले, तर त्यातच एवढे काय बिघडले? प्रश्न रास्त आहे, आणि आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म ह्याच्याच उत्तरात आहे. ज्या ज्या व्यवस्थेने मोबदला मान्य केला, तिने त्याचे माप वस्तूच्या किमतीवरून अथवा रक्षणकर्त्याच्या श्रमावरून आधीच ठरविले. मालक किती व्याकूळ झाला आहे, हे माप कोणत्याही कायद्याने अथवा स्मृतीने स्वीकारले नाही. आमच्या तरुणाचे पाच हजार मात्र नेमके ह्या मापाने मोजलेले असतात. आवाजात काकुळती जितकी अधिक, तितका आकडा मोठा. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण अडलेल्याची दीनता सांगते. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो, अडलेला पाहून पाय पुढे करणाराचा.

फोनच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट दिसते. हरवलेल्या फोनची पोलिसांत तक्रार नोंदवून तो कोणत्याही जाळ्यावर चालू नये अशी व्यवस्था आता करता येते. दूरसंचार खात्याची ही सोय 2019 साली प्रथम मुंबईत आणि मे 2023 पासून देशभर सुरू झाली. म्हणजे मालकाने मनावर घेतले, तर सापडलेला फोन दुसऱ्याच्या हाती जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तरीही मालक पाच हजार देण्यास सिद्ध का होतो? यंत्रासाठी नव्हे, यंत्र पुन्हा विकत मिळते. फोनमध्ये निवर्तलेल्या वडिलांचा ध्वनिमुद्रित आवाज असतो, मुलीच्या पहिल्या पावलांचे चित्र असते, आणि त्यांची दुसरी प्रत काढून ठेवण्याचे पुष्कळांकडून राहून गेलेले असते. ह्या गोष्टी परक्याच्या लेखी कवडीमोलाच्या, आणि मालकाच्या लेखी अमोल. मागणाऱ्याने त्यांवर किंमत लावली, म्हणजे त्याने त्या गृहस्थांस त्यांच्याच आठवणी विकावयास काढल्या. कायद्याच्या परिभाषेत ह्यास कोणते नाव शोभेल ते विधिज्ञ ठरवोत. नीतीच्या भाषेत ही खंडणी होय.

एवढ्यावरून मागणे तेवढे सगळेच निंद्य असे आमचे म्हणणे नाही. “साहेब, येण्याजाण्यात दोन तास जातील, तीनशे रुपये द्या,” असे तोच तरुण म्हणाला असता, तर त्याचे बोलणे स्वाभिमानी मनुष्यास शोभण्यासारखेच झाले असते. ती भरपाई होय. ती मागण्यात लाज नाही आणि देण्यात उपकार नाही. बक्षीस हे ह्याहून भिन्न. ते मालकाच्या आनंदातून आपखुशीने निघते, आणि अट घातल्याबरोबर त्याचा जीव जातो. भरपाईचे माप श्रम, बक्षिसाचे माप आनंद, आणि खंडणीचे माप दुसऱ्याची अडचण. हा भेद ध्यानी धरला, म्हणजे समोरचा मनुष्य काय मागत आहे हे ओळखण्यास अडचण पडू नये.

आता मालकाच्या कर्तव्याकडे वळू. कारण अशा चर्चांतून आमचा सुशिक्षित वर्ग आपली बाजू नेहमी सोयीने वगळीत असतो. “फार उपकार झाले हो,” एवढ्या शब्दांवर ज्याने अर्धा दिवस खर्चून वस्तू घरपोच आणली त्याची बोळवण करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. दाराशी आलेल्यास पाणीसुद्धा न विचारता, फोन नीट चालतो की नाही हे त्याच्या देखतच तपासून पाहणारेही पाहिले आहेत. अशा दोन दारांवरून परतलेल्या मनुष्याने तिसऱ्या वेळी पैसे आधी मागितले, तर तो दोष सर्वस्वी त्याचाच समजावा काय? कायद्याने बक्षिसाचा हक्क दिलेला नाही, ही मालकाची सुटका नसून त्याच्यावर टाकलेला विश्वास आहे. म्हणून फोनवरच्या पहिल्याच बोलण्यात मालकाने होऊन म्हणावे, “भाऊ, तुमचा येण्याजाण्याचा खर्च आणि मोडलेला वेळ मी भरून देईन.” पुष्कळ सौदे ह्या एका वाक्याने सुरू होण्यापूर्वीच संपतील.

आणि इतके बोलूनही तो पाच हजारांवरच अडून बसला तर? तर चिरंजिवांचे मत मान्य करणे भाग आहे. तक्रार नोंदवावी, सिम बंद करावे, आणि फोन जवळच्या पोलीस चौकीत देण्यास त्यास शांतपणे सांगावे. तेथेही त्याचा रास्त खर्च देण्याचे वचन कायम ठेवावे. आगाऊ पैसे पाठवू नयेत, आणि फोनचा परवलीचा शब्द तर मुळीच सांगू नये. कोणी वडिलांच्या आवाजासाठी पाच हजार देऊन मोकळे झाले, तर त्यांस आम्ही दोष देणार नाही. अडचणीत सापडलेल्याने दिलेल्या पैशाचे पाप घेणाऱ्याकडे जाते. फक्त त्या पैशास बक्षीस म्हणू नये. तसे म्हटल्याने जे खरोखर निरिच्छपणे वस्तू परत करतात, त्यांचा अपमान होतो.

आणि अशी माणसे आपण समजतो तितकी विरळ नाहीत. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चाळीस देशांतील 355 शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटे, सापडली म्हणून, बँका, हॉटेले इत्यादी ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती देण्यात आली. त्या देशांत भारतही होता. बहुतेक सर्व देशांत रिकाम्या पाकिटांपेक्षा पैसे असलेली पाकिटे परत करण्यासाठी मालकाशी संपर्क साधणारे लोक अधिक निघाले. पाकिटात किल्ली असता परत करणारांचे प्रमाण वाढते, हेही त्यात आढळले. किल्लीचा सापडणारास काडीचा उपयोग नसतो. तिच्यावाचून अडते ते मालकाचे. दुसऱ्याची अडचण दिसताच सामान्य मनुष्याचा हात परत करण्याकडे अधिक वळतो, हा त्याचा अर्थ. पाच हजार मागणारा तीच अडचण पाहतो आणि तिचा भाव ठरवितो. दोघांच्या हातांत वस्तू एकच असते, आणि ती दोघेही मालकाला परतच करतात. पण एक मनुष्य ठेव परत करून जातो, आणि दुसरा ती विकून जातो.